माळढोक दिसत नाही म्हणून माळ मोडू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात एक पत्र वाचले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक आता राहिलेलाच नाही, गणनेला एखादा दिसला तर दिसला, मग एका पक्ष्याच्या नावाखाली एवढी जमीन अडवून कशाला ठेवायची? अभयारण्य रद्द करावे, तिथे सौरऊर्जेचे प्रकल्प आणावेत, पोरांच्या हाताला काम मिळेल, असा त्या पत्राचा सूर होता. पत्र लिहिणाऱ्यांचा राग मला कळतो. आमचे रान अभयारण्याच्या कुंपणाला लागून आहे आणि या अभयारण्याचा त्रास ज्या घरांनी सोसला त्यांत आमचेही घर आहे. तरीसुद्धा माझा त्यांच्या मागणीला ठाम विरोध आहे. तो का, हे जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण शक्यतो कापू नये ही विनंती.

आधी त्रासाचेच सांगते, कारण तो बाजूला ठेवून पक्ष्याचे कौतुक केले तर आमच्या भागात कुणी पुढचे वाचणार नाही.

माळढोक अभयारण्य जाहीर झाले १९७९ साली. कागदावर त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे केवढे, याचा अंदाज यावा म्हणून सांगते: करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा इथपर्यंत ते पसरलेले होते. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले आणि हजारो शेतकऱ्यांची खासगी जमीन आली. ज्या रानात माळढोक कधी उतरलाही नसेल तेही अभयारण्यात. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना त्या रेघेच्या आत माणसे राहतात याचा विचार करायला सवड झाली नसावी. पुढे खरेदी-विक्री अडली, बिगरशेती अडली, कुठल्याही कामाला ना-हरकत दाखला आणा असे सुरू झाले.

आमच्या घरी मामंजींचे ऑपरेशन करायचे होते तेव्हा बांधाकडची दीड एकर विकायचे ठरले होते. गिऱ्हाईक ठरले, इसार झाला, आणि दस्त होईना. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवायचे, तिथून पुन्हा पहिल्याकडे. शेवटी व्याजाने पैसे काढले आणि ते फेडता फेडता दोन सुग्या गेल्या. अशा कहाण्या आमच्याकडे घरोघरी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले तेव्हा कुठे बहुतेक गावांची सुटका झाली. तोवर तीस-बत्तीस वर्षे लोकांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती, की हा पक्षी म्हणजे आपल्या मानेवरचे जू आहे. ज्या पक्ष्याला राखायचे, त्याच्याच शेजाऱ्यांना त्याचे वैरी करून ठेवले. मध्य प्रदेशात करेऱ्याला असेच झाले. तिथेही माळढोकासाठी अभयारण्य केले, जमिनीचे व्यवहार अडकले, लोक बिथरले आणि नव्वदच्या दशकात तिथून माळढोक गेला तो गेलाच.

तेव्हा अभयारण्य आखण्याची पद्धत चुकली, हे मान्यच आहे. पण त्या चुकीची दुरुस्ती बऱ्याच अंशी झालेली आहे. आज वादाला जे उरले आहे ते प्रामुख्याने वनखात्याच्या ताब्यातले माळाचे तुकडे आणि त्याच्या लगतची रानं. ते तुकडेही मोडून टाका, असे म्हणणे म्हणजे जुन्या अन्यायाचा राग भलत्यावर काढणे आहे.

आता पक्ष्याबद्दल. आमच्याकडच्या नव्या पोरांनी माळढोक फक्त कमानीवरच्या चित्रात पाहिला आहे, म्हणून मी पाहिलेला सांगते.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा रब्बीला आमच्याकडे ज्वारी, हरभरा आणि करडई असायची. हरभरा घाट्यावर आला की सकाळच्या उन्हात माळढोक माळावरून रानात उतरायचे. पहिल्यांदा लांबून पाहिले तेव्हा कुणाचे तरी करडू सुटून रानात शिरले असेच वाटले, इतका तो उंच. उभा राहिला की जमिनीपासून मीटरभर. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, मादी त्याच्या निम्म्याने. पांढरी स्वच्छ मान, डोक्यावर काळी टोपी, नराच्या छातीवर काळा पट्टा. चालणे मात्र कसे, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने बांधावरून पिकाची पाहणी करत जावे तसे. एक पाय उचलायचा, थांबायचे, मान वळवून बघायचे, मग दुसरा. मध्येच चोच खाली जायची आणि नाकतोडा किंवा घाट्यातली अळी उचलली जायची. मामंजी त्याला हुसकावू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, खाईल त्याच्यापेक्षा जास्त राखेल.

पावसाळ्याच्या तोंडाशी पहाटे नराचा आवाज ऐकू यायचा. घुमणारा, जमिनीतून आल्यासारखा. तेव्हा तो गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती पांढरी पिशवी पार पायांपर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर उभे राहते, आणि उघड्यावरच्या एखाद्या उंचवट्यावर तो तासन् तास तसा फिरत राहतो, माद्यांना दिसावे म्हणून. यासाठी त्याला चारी बाजूंनी मोकळा माळ लागतो. झाडांच्या आडोशाला हा पक्षी नांदत नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजते.

घरटे असे काही नसतेच. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला एक अंडे. वर्षाला बहुधा एकच. मादी एकटीच जवळपास चार आठवडे ते उबवते, नर फिरकतही नाही. पिल्लू झाले की ते वर्षभर आईच्या मागे. एका पावसाळ्यात आमच्या पडक्या रानात असे अंडे होते. मातकट हिरवट, वर तपकिरी डाग, ढेकळांत ठेवले तर पायाखाली येईपर्यंत दिसणार नाही असे. मामंजींनी त्या बाजूला औत घातले नाही, शेरडे नेऊ दिली नाहीत, आम्हा बायकांना त्या वाटेने पाणी आणायला मनाई. मादी पाय खाली सोडून, धडपडल्यासारखी वेडीवाकडी उडायची, म्हणजे माणसाचे लक्ष तिच्याकडे जावे आणि पिल्लू वाचावे. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे एक अंडे कुत्र्याने, मुंगसाने खाल्ले किंवा ट्रॅक्टरखाली गेले, की त्या मादीचे ते वर्ष बऱ्याचदा वाया जाते. कोंबडीसारखे चटकन भरून निघत नाही. म्हणून हा पक्षी एकदा उताराला लागला की सावरता सावरत नाही.

१९६९ च्या सुमारास साऱ्या देशात हजार-बाराशे, नेमके सांगायचे तर १,२६० माळढोक असावेत असा अंदाज केला गेला होता. आज रानात उरलेल्यांची संख्या दीडशेच्या आत-बाहेर सांगतात, आणि त्यातले बहुतेक सगळे जैसलमेरकडे. २०११ पासून संकटातल्या प्राणी-पक्ष्यांच्या जागतिक यादीत हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' आहे. कच्छमध्ये मोजक्या माद्या राहिल्या, नरच उरला नाही. आपल्या नान्नजला एकेकाळी गणनेत दोन आकडी संख्या यायची, आता एखादी मादी दिसली तर वनखात्याच्या माणसांना सण झाल्यासारखे होते.

नान्नजचा माळ टिकला कसा, हेही आज कुणी सांगत नाही. १९७२ चा दुष्काळ पडला, जनावरांना काडी उरली नाही. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात सरकारने ठिकठिकाणी उघडे-बोडके माळ बंदिस्त केले, गवत वाढू दिले. काम होते माती आणि चाऱ्यासाठी. पण चराई थांबली, गवत आले, नाकतोडे आले, आणि माळढोकाला अंडे घालायला सुरक्षित जागा मिळाली. सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात ही गोष्ट चिकाटीने पुढे आणली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेतर्फे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी इथे राहून अभ्यास करत होते. आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात दुर्बिणी टेबलावर ठेवून बसलेले पाहुणे मी पाहिले आहेत. आमचा माळ जगाच्या पक्षी अभ्यासकांना माहीत होता, तो आम्हालाच नकोसा व्हावा याचे वाईट वाटते.

आमच्या माळाची जमीन मुरमाड, हलकी. पाऊस पाचशे-सहाशे मिलीमीटर, तोही पडला तर. अशा जमिनीत जे निसर्गाने वाढवले ते गवत: कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी. अधूनमधून बोर, हिवर, एखादी बाभूळ. कुसळी गवत ज्याने जवळून पाहिले असेल त्याला माहीत असेल. दिवाळीनंतर ते वाळते, कुसळे एकमेकांत गुंतून त्यांच्या वेण्या होतात, लुगड्याच्या काठात अडकतात, मेंढ्यांच्या लोकरीत घुसतात. प्रत्येक कुसळाला पीळ असतो. पाऊस लागला की तो पीळ उलगडतो आणि टोकाचे बी स्वतःच फिरत फिरत जमिनीत शिरते. पेरणारा नाही, नांगर नाही, आणि खडकाळ माळ हिरवा होतो. अशा जमिनीला सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदवतात आणि मग तिचे काहीतरी 'करायला' निघतात.

या करण्यातले सर्वांत मोठे नुकसान झाडे लावण्याने झाले, हे मी जबाबदारीने लिहिते. वाचणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याला शाळेपासून शिकवले आहे की झाड लावणे म्हणजे पुण्य. पण गवताळ माळावर चर खणून गिरीपुष्पाच्या रांगा लावल्या की खालचे गवत मरते, मोकळेपणा जातो आणि झाडाच्या आडून येणारे कुत्रे किंवा कोल्हा माळढोकाला दिसत नाही. मग तो ती जागा सोडतो. कर्नाटकात राणेबेन्नूरच्या माळावर निलगिरीची लागवड झाली आणि तिथलाही माळढोक गेला. नान्नजला पुढे काही भागांतली गिरीपुष्पाची झाडे काढायला घेतली, ते योग्यच झाले. पण दर पावसाळ्यात वृक्षलागवडीचे उद्दिष्ट वरून येते, आकडा गाठायचा असतो, आणि खड्डे खणायला जागा कोणती, तर माळ आणि गायरान. आपल्या दैनिकात जुलै महिन्यात अशा कार्यक्रमांचे फोटो पानभर येतात. संपादक महोदय, त्या फोटोखाली एकदा तरी छापा की गवताळ माळावर झाडे लावू नका. लावायची तर रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा, ओढ्याकाठी, बांधावर लावा. सोलापूरच्या उन्हात सावलीची गरज असलेल्या जागा काय कमी आहेत?

शेतीही बदलली. आमच्या भागात बोअरचे पाणी आले, ठिबक आले, द्राक्षे आली. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका हे द्राक्षाचे वाण इथेच काढले, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. आमचीही बाग आहे, पोरांची शिक्षणे तिच्यावरच झाली. पण बाग म्हणजे लोखंडी अँगल, तारांचा मांडव आणि ऑक्टोबर छाटणीपासून सुरू होणाऱ्या फवारण्या. जिथे हरभऱ्यात नाकतोडे उडायचे तिथे आता किडा सापडत नाही. माळढोक फक्त अभयारण्याच्या कुंपणात जगणारा पक्षी नाही. तो अंडे माळावर घालतो आणि पोट भरायला शेतात येतो. ज्वारी, हरभरा, करडई, भुईमूग अशा कोरडवाहू रानांवरच त्याचे निम्मे जगणे होते. म्हणजे अभयारण्य राखायचे आणि आजूबाजूचा शेतकरी वाऱ्यावर सोडायचा, याने काही साधणार नाही.

तारांचेही सांगितले पाहिजे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि एवढे वजनदार शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. उच्चदाबाच्या तारेवर आदळला की संपला. थरच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासात दरवर्षी सुमारे १८ माळढोक अशा तारांनी मरत असावेत असा अंदाज निघाला. दीडशेतले अठरा! त्यावरूनच वन्यजीव रक्षणाचे काम करणारे एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या भागात तारा जमिनीखालून घ्यायला सांगितले, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. तो वाद तिकडचा. पण आपल्याकडे माळाच्या कडेने नवी लाइन ओढायची असेल तर हा विचार आधीच व्हायला हवा, पुढे न्यायालयात जायची वेळ कशाला आणायची?

आता मूळ प्रश्नाकडे येते. पक्षी नाही तर अभयारण्य कशाला?

राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची प्रजनन केंद्रे आहेत. २०१९ साली रानातली अंडी उचलून तिथे उबवायला सुरुवात झाली. ती पिल्ले वाढली, त्यांना पुढे पिल्ले झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. वनखाते, वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि तिथले राखणदार यांनी हे फार कष्टाने जमवले आहे. हे पक्षी जन्मभर पिंजऱ्यात ठेवण्यासाठी वाढवलेले नाहीत. आज ना उद्या त्यांना मोकळे सोडायचे आहे. शेतकऱ्याच्या घरात कितीही ओढाताण असली तरी पेरणीचे बियाणे कणगीत वेगळे राखतात, त्याला हात लावत नाहीत. तसे हे बियाणे राखले जात आहे. पण मधल्या काळात आपण रानच विकून खाल्ले तर ते पेरायचे कुठे? सगळे पक्षी एकट्या जैसलमेरमध्ये ठेवणेही धोक्याचे आहे. एखादा रोग आला, एखादी मोठी आपत्ती आली तर सगळेच जाईल. जिथे पिढ्यान् पिढ्या माळढोक नांदला, जिथला माळ अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, अशा जागा देशात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि नान्नज त्यातली एक. आज आपण अभयारण्य रद्द केले तर उद्या सोडायला पक्षी असतील आणि महाराष्ट्राला हात जोडून 'आमच्याकडे जागा नाही' म्हणावे लागेल. मला हे डोळ्यांपुढे आणवत नाही.

आणि माळढोक आज दिसत नसला तरी माळ रिकामा नाही. काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे. हिवाळ्यात परदेशातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतात उतरतात. धाविक, चंडोल, पखुर्ड्या यांची घरे याच गवतात. तणमोर हा माळढोकाचाच छोटा भाऊबंद, २०२१ पासून तोही अतिसंकटग्रस्त आहे आणि त्यालाही असाच माळ लागतो. वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातली माणसे, ज्यांचे वाडवडील फासे लावायचे, ती आज तणमोराची राखण करतात. ते तिथे जमले, मग आपल्याकडे का जमू नये? आपल्याच राज्यातले डॉ. प्रमोद पाटील यांना २०१५ साली माळढोकाच्या कामासाठी निसर्गरक्षणाचा व्हिटली हा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला, तेही गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम करण्याबद्दलच. म्हणजे वाट माहीत आहे, चालायचे तेवढे बाकी आहे.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून आम्हीच ओरडत होतो, रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाऊन विंचूकाट्याची भीती आम्हीच सोसली आहे. पण पॅनेल गोदामाच्या छपरावर बसतात, कारखान्यांच्या आवारात बसतात, क्षारपड जमिनीवर बसतात. शंभर ठिकाणी बसू शकणारी वस्तू नेमकी त्याच जागेवर कशाला, जिच्याशिवाय या पक्ष्याचे चालत नाही? गायरान द्यायचे असेल तर देण्याआधी तिथे कोणते गवत आहे, कोणती जनावरे चरतात, कोणते पक्षी उतरतात एवढे तरी बघा. गायरानावर पॅनेलचे कुंपण पडले की पहिली अडचण होते ती शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांची. त्यांच्या पोरांना त्या प्रकल्पात कामे मिळतात ती बांधकाम चालू असेपर्यंतच, पुढे एखादा पहारेकरी. रोजगाराचे चित्र रंगवणाऱ्यांनी हेही सांगावे.

उलट माळापासून गावाला काय मिळू शकते, याचा विचार झालेला नाही. गवत हे उत्पन्न आहे. पक्ष्यांची विणीची वेळ संपल्यावर ठरवून, टप्प्याटप्प्याने कापलेले गवत उन्हाळ्यात कुठल्याही कडब्याइतके मोलाचे. ते आधी लगतच्या गावांना मिळावे. थोडी नियंत्रित चराई चालली तर माळाचेही भले होते, कारण नाचायला नराला आखूड गवत लागते आणि अंड्याला उंच. हे धनगरांना कळते, त्यांना कुंपणाबाहेर ठेवण्यापेक्षा त्यांच्याशी बसून ठरवा. गावातल्या मुलांना वाटाड्या म्हणून शिकवा. मात्र गाडी रानात घालून पक्ष्यामागे पळवणारे, घरट्याचा फोटो मिळावा म्हणून मादीला उठवणारे हौशी लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना गेटावरच अडवण्याचा अधिकार गावच्या समितीला द्या. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्तही करायला हवा, गावातले उकिरडे आहेत तोवर ती माळावर येतच राहणार.

आणि काळविटांच्या नुकसानीचे. कोवळा हरभरा एका रात्रीत कळप खुडून जातो, आम्ही फोन करत राहतो, पंचनामा होईपर्यंत नुसती खुंटे उरतात आणि मग अधिकारी विचारतात इथे पीक होते कशावरून. ही भरपाई वेळेवर आणि पुरती मिळाली तर निम्मी कुरकुर तिथेच थांबेल. बागायत न करता जो शेतकरी माळालगत ज्वारी-हरभरा ठेवील, फवारणी टाळील, त्याला एकरी काही ठरावीक मोबदला द्या. द्राक्षाच्या पैशाशी त्याची बरोबरी होणार नाही हे आम्हालाही समजते, पण ज्यांना पाणी कमी आहे असे कितीतरी जण तयार होतील. इतकी वर्षे अभयारण्याने आम्हाला फक्त 'हे करू नका' असेच सांगितले. 'हे केलेत तर आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' असे एकदा तरी कुणी सांगावे.

आमची कुंपणालगतची ती दीड एकर शेवटी विकली गेली नाही, ती अजून आमच्याकडे आहे. घरात बोलणे झाले आहे, मुलगा आणि सून दोघेही तयार आहेत. यंदाच्या रब्बीपासून तिथे ज्वारी आणि हरभरा घेऊ, औषध मारणार नाही, बांधाचे गवत काढणार नाही. मोबदला मिळो न मिळो, हे आम्ही करणार आहोत. शेजारच्या आणखी काही घरांशी मी बोलते आहे. वनखात्याने कुणातरी जाणत्या माणसाला पेरणीच्या आधी, म्हणजे पोळ्याच्या सुमाराला, एकदा आमच्या वस्तीवर पाठवावे. किती रुंदीचा पट्टा सोडायचा, कुठल्या बाजूने, काढणी कधी करायची, हे त्यांनी सांगावे म्हणजे त्याप्रमाणे आखणी करता येईल.

आपली,
एक शेतकरी वाचक
नान्नज परिसर, ता. उत्तर सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये.)